एका गोळीचा इतिहास

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत 'कारणे लिहा' हा प्रश्न ठरलेला असतो. पानिपतच्या पराभवाची कारणे लिहा, १८५७ च्या उठावाची कारणे लिहा. मुले एक, दोन, तीन असे आकडे घालून उत्तरे लिहितात आणि आम्ही मुद्द्याला एक याप्रमाणे गुण देतो. तीस वर्षे हे काम केल्यावर मला असे वाटू लागले आहे की, घडणाऱ्या गोष्टी आमच्या उत्तरपत्रिकांइतक्या शिस्तीने घडत नाहीत. एका हेतूने लावलेल्या झाडाला भलतेच फळ येते, आणि ज्या फळासाठी झाड लावले ते मात्र किडून जाते. राज्यांच्या आणि साम्राज्यांच्या बाबतीत हे आपण वाचतोच. प्रस्तुत लेखात एका अगदी लहान वस्तूच्या बाबतीत ते सांगण्याचा विचार आहे. ही वस्तू म्हणजे शंभर मिलिग्रॅमची एक गोळी. तिचे नाव अमान्टाडीन.

मी वैद्यकाचा विद्यार्थी नव्हे, माझे एम.ए. इतिहासातले. या गोळीशी माझा संबंध आला तो आमच्या शाळेच्या निवृत्त चित्रकला शिक्षकांमुळे. शाळेच्या दर्शनी फळ्यावरचा सुविचार वीस-बावीस वर्षे त्यांच्याच हातचा असे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचे अक्षर बारीक होत चालले. ओळीच्या आरंभी बोराएवढे असलेले अक्षर ओळ संपेपर्यंत मोहरीएवढे होई. मग उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासू लागली, पावले आखूड पडू लागली, चेहऱ्यावरचे हसू आटले. डॉक्टरांनी कंपवात, म्हणजेच पार्किन्सनचा आजार, असे निदान केले. चालू औषधांत काही वर्षांनी अमान्टाडीनची भर पडली. सरांच्या मुलाने मोबाइलवर ते नाव शोधले, तर समोर आले 'इन्फ्लुएन्झावरील औषध'. वडिलांना ताप नाही, खोकला नाही, मग फ्लूची गोळी कशाला? कुणाची तरी चूक झाली असावी असे समजून त्याने ती परस्पर बंद केली. आठवड्याच्या आत सरांना कॉटवरून उठवायला दोन माणसे लागू लागली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा चालू केली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. नंतर मी भेटायला गेलो असता सर म्हणाले, "काय हो हेडमास्तर, तुम्ही इतिहासवाले. फ्लूची गोळी माझ्या हातापर्यंत आली कशी, ते एकदा शोधून सांगा बघू." शोधता शोधता जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

या कथेचा आरंभ दवाखान्यात होत नाही. तो होतो तेलाच्या विहिरीत. मोराव्हिया प्रांतातले होडोनीन हे गाव तेव्हा चेकोस्लोव्हाकियात होते, आज ते झेक प्रजासत्ताकात आहे. चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक यांचे हे जन्मगाव. येथील खनिज तेलातून १९३३ साली स्तानिस्लाव लांडा या रसायनशास्त्रज्ञाला एक पांढरा स्फटिकरूप पदार्थ मिळाला. त्याला कापरासारखा वास येई. त्याच्या एका रेणूत कार्बनचे दहा आणि हायड्रोजनचे सोळा अणू असतात, आणि कार्बनचे ते दहा अणू एखाद्या पिंजऱ्यासारखे एकमेकांत गुंफलेले असतात. हीच गुंफण हिऱ्यात असते. म्हणजे हिऱ्याच्या अफाट जाळीतला लहानात लहान तुकडा निसर्गाने तेलात टाकून ठेवला होता. ग्रीक भाषेत 'अदामास' म्हणजे अजिंक्य, आणि त्याचाच दुसरा अर्थ हिरा. त्यावरून या पदार्थाला ॲडमान्टेन हे नाव मिळाले. आपल्या 'वज्र' या शब्दातही अभेद्य आणि हिरा हे दोन्ही अर्थ सुखाने नांदतात, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

योगायोग असा की, त्याच १९३३ साली लंडनमध्ये विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनी माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथमच वेगळा केला. १९१८ च्या जागतिक साथीला तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. त्या साथीला आपल्याकडे 'मानमोडी' म्हणत. माझ्या आजीच्या तोंडून हा शब्द मी लहानपणी ऐकलेला आहे. त्या एका साथीत हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत आहेत. गावोगावी सरणाला लाकूड पुरेना. एवढा संहार करणारा शत्रू कोण, हे १९३३ साली कळले. पण त्याच्यावर चालेल असे शस्त्र हाती नव्हते. पुढे पेनिसिलिन आले, त्याने जंतूंना नमवले. विषाणूला मात्र त्याचा काडीचाही त्रास होत नसे. शत्रू लंडनमध्ये सापडला आणि शस्त्राचे पोलाद होडोनीनमध्ये. दोघांची गाठ पडायला आणखी तीस वर्षे जायची होती.

तेलातून मिळणारे ॲडमान्टेन अत्यल्प होते. ते प्रयोगशाळेत तयार केले व्लादिमिर प्रेलोग यांनी, झाग्रेब येथे, १९४१ साली. हे प्रेलोग मूळचे सारायेव्होचे. २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा सात वर्षांचा हा मुलगा त्या जागेपासून जवळच उभा होता. ज्या घटनेवर आम्ही दरवर्षी दहावीच्या मुलांना टिपा लिहायला लावतो तिचा हा साक्षीदार पुढे रसायनशास्त्रज्ञ झाला आणि १९७५ साली नोबेल पारितोषिकाचा मानकरी ठरला. त्यांची कृती मात्र लांबलचक आणि खर्चिक होती. सोपी कृती सापडली ती अमेरिकेत प्रिन्स्टन येथे पॉल श्लायर यांना, १९५७ साली. त्यांना त्या वेळी दुसरेच काही तपासायचे होते. एका साध्या हायड्रोकार्बनवर ॲल्युमिनियम क्लोराइडची क्रिया घडवताना भांड्यात ॲडमान्टेनचे स्फटिक दिसले. आता हा पदार्थ हवा तेवढा करता येऊ लागला.

१९५७ हे साल या कथेत फार महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी चीनमधून 'आशियाई फ्लू' निघाला. हाँगकाँग, सिंगापूर करीत मे महिन्यात बोटीच्या मार्गाने तो मद्रास बंदरात उतरला आणि देशभर पसरला. जगात दहा लाखांवर माणसे त्याने नेली. आणि त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी दाखवून दिले की, मेंदूतील डोपामिन हे द्रव्य शरीराच्या हालचालींसाठी आवश्यक आहे. फ्लूचा विषाणू, हिऱ्याचा पिंजरा आणि मेंदूतले डोपामिन, असे तीन धागे एकाच वर्षी तीन देशांत पडले होते. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

पहिले दोन धागे जोडले ड्यू पाँट या अमेरिकन कंपनीने. १८०२ साली बंदुकीच्या दारूच्या कारखान्याने सुरू झालेली आणि पुढे नायलॉनने घराघरात पोहोचलेली ही कंपनी. तिच्या शास्त्रज्ञांनी ॲडमान्टेनच्या पिंजऱ्याला नायट्रोजनयुक्त असे एक छोटे शेपूट जोडले. हेच अमान्टाडीन. इन्फ्लुएन्झाचा विषाणू पेशीत शिरल्यावर हे द्रव्य त्याला पुढे सरकू देत नाही, असे दिसून आले, आणि १९६४ साली ते प्रसिद्ध झाले. ऑक्टोबर १९६६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'सिमेट्रेल' या नावाने त्याला परवानगी दिली, तीही केवळ आशियाई फ्लूच्या प्रतिबंधापुरती. पोलिओच्या तोंडी लशीमुळे ज्यांचे नाव आपल्याकडेही परिचित आहे त्या अल्बर्ट सेबिन यांनी या निर्णयावर कडक टीका केली. त्यांच्या मते पुरावा अपुरा होता. अमेरिकन डॉक्टरांनीही गोळीचे फारसे स्वागत केले नाही. त्यात १९६८ साली नव्या बांध्याचा हाँगकाँग फ्लू आला आणि परवान्यावरचा जुना शत्रू मैदानातून नाहीसा झाला. 'अ' प्रकारच्या सर्व इन्फ्लुएन्झांसाठी परवानगी मिळायला १९७६ साल उजाडावे लागले. तोपर्यंत ही गोळी अडगळीत जाण्याचीच चिन्हे होती.

ती अडगळीत गेली नाही याचे कारण एक बाई. एप्रिल १९६८ मध्ये बोस्टन येथे डॉ. रॉबर्ट श्वाब यांच्याकडे कंपवाताची एक ५८ वर्षांची रुग्ण आली. तिचा आजार बराच वाढलेला होता. बोलता बोलता तिने सांगितले की, तीन महिन्यांपूर्वी फ्लू होऊ नये म्हणून ती अमान्टाडीनच्या शंभर मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घेत होती, आणि त्या काळात तिचा ताठरपणा, कंप आणि हालचालींतला जडपणा आश्चर्य वाटावे इतका कमी झाला होता. सहा आठवड्यांनी गोळी बंद केली आणि सारे पुन्हा पहिल्यासारखे झाले.

वाचकहो, क्षणभर त्या डॉक्टरांच्या खुर्चीवर बसून पाहा. बाहेर रोग्यांची रांग आहे. आणि समोरची बाई सांगते आहे की फ्लूच्या गोळीने माझा कंप थांबला. योगायोग असेल, मनाचे खेळ असतील, हवापालट झाली असेल. असे म्हणून विषय संपवणे किती सोपे होते! श्वाब यांनी ते केले नाही. त्यांनी त्या बाईला गोळी पुन्हा देऊन पाहिली. गुण आला. मग आणखी रोग्यांना दिली. १९६९ साली श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६३ रुग्णांचा वृत्तान्त अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला. सुमारे दोनतृतीयांश रुग्णांना फरक पडला होता. काहींचा गुण काही आठवड्यांनी ओसरला, काहींना झोप येईना, काहींना भास झाले. हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. १९७३ साली अमेरिकेत कंपवातासाठी या गोळीला रीतसर मान्यता मिळाली.

इथे कंपवाताचा थोडा पूर्वेतिहास सांगणे अवश्य आहे. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी अवघ्या सहा रुग्णांच्या निरीक्षणावर या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले. त्या सहांतले काही तर त्यांनी नुसते रस्त्यात पाहिलेले होते. आपल्या वैद्यांनाही कंपवात परिचित होता आणि खाजकुइलीचे बी, ज्याला संस्कृतात कपिकच्छू म्हणतात, ते त्यांच्या औषधांत होते. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी याच बियांतून डोपा हे द्रव्य वेगळे केले. शरीरात त्याचेच डोपामिन होते. पण कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत डोपामिनचाच तुटवडा असतो, हे व्हिएन्नाच्या हॉर्निकिएविच यांनी १९६० साली दाखवून दिले, आणि लेव्होडोपाच्या वाढत्या मात्रांनी रोगी हिंडू-फिरू लागतो हे न्यूयॉर्कच्या कोट्झियस यांनी १९६७ साली. म्हणजे औषध मद्रासच्या बाटलीत तीस वर्षे पडून होते. त्याला रोगाचा पत्ता कुणी दिला नव्हता. माहिती असणे आणि माहितीला माहिती जोडणे, यांत केवढे अंतर असते पाहा.

लेव्होडोपा आजही कंपवातावरचे मुख्य औषध आहे. अमान्टाडीनने त्याची जागा घेतली नाही. पण लेव्होडोपाच्याच एका दुष्परिणामावर ती कामी आली. काही वर्षे लेव्होडोपा घेतल्यावर अनेक रोग्यांच्या मानेला, हातापायांना आपोआप हिसके आणि वेळावे बसू लागतात. आमच्या सरांना ही गोळी मिळाली ती याचसाठी. हिचा या हिसक्यांवर उपयोग होतो हे १९९८ च्या एका काटेकोर चाचणीत दिसले, आणि २०१७ साली याच औषधाच्या सावकाश विरघळणाऱ्या कॅप्सूलला त्या विकारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. ती घडते कशी? आरंभी समजूत अशी होती की ही गोळी मेंदूतले डोपामिन वाढवते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस असे आढळले की ग्लुटामेट या दुसऱ्याच संदेशवाहक द्रव्याचा एक दरवाजा ती अडवते. गुण आधी दिसला आणि कारण वीस वर्षांनी समजू लागले. परीक्षेतल्या क्रमाच्या हे नेमके उलट झाले.

आता ज्या रोगासाठी गोळी जन्मली त्याचे काय झाले ते पाहू. इन्फ्लुएन्झाच्या 'अ' विषाणूच्या कवचात एम-२ नावाची एक अतिसूक्ष्म नळी असते. पेशीत शिरल्यावर या नळीतून आम्ल आत जाते, तेव्हाच विषाणूचे गाठोडे सुटते. अमान्टाडीन त्या नळीत बुचासारखी बसते. गाठोडे सुटत नाही, आणि विषाणू आतल्या आत अडकतो. पण त्या नळीच्या घडणीतली एकच कडी, एकतिसावी, बदलली की बूच बसेनासे होते. १९९४-९५ मध्ये जगभरात तपासलेल्या विषाणूंपैकी असे बदललेले विषाणू हजारात चार होते. २००३-०४ मध्ये ते शंभरात बारा झाले. २००५-०६ च्या हिवाळ्यात अमेरिकेत हाँगकाँग वंशाच्या विषाणूंत हे प्रमाण शंभरात नव्वदच्या वर गेले, आणि जानेवारी २००६ मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने फ्लूसाठी ही गोळी वापरू नका असे जाहीर केले. चाळीस वर्षांत शस्त्र बोथट झाले.

याची 'कारणे लिहा' म्हटले तर? पहिले उत्तर सहज सुचते: अतिवापर. चीनमध्ये ही गोळी सर्दी-तापाच्या औषधांत चिठ्ठीवाचून मिळत होती. २००५ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'ने बातमी दिली की तेथील शेतकरी बर्ड फ्लूच्या भीतीने कोंबड्यांनाही ती देत होते; या कामी आपले प्रोत्साहन असल्याचे चीन सरकारने नाकारले. हे उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी पूर्ण गुण मात्र देणार नाही. कारण जिथे ही गोळी क्वचितच वापरली जाई अशा देशांतही बदललेला विषाणू तितक्याच वेगाने पसरला. संशोधकांनी विषाणूंच्या वंशावळी मांडल्या, तेव्हा दिसले की एकतिसाव्या कडीतला बदल हा दुसऱ्या बलवान बदलांच्या पाठीवर बसून जगभर फिरला होता. वरातीबरोबर फुकट्या पाहुणा गावोगाव जेवून यावा तसे हे झाले. निष्काळजीपणाने दार उघडे राहिले हे खरे. पण आत कोण कसा शिरला याचा हिशेब वेगळा आहे.

२००९ चा स्वाइन फ्लू तर जन्मतःच या गोळीला दाद न देणारा निघाला. ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी गेला. आमच्याकडेही पालक मुलांच्या तोंडाला रुमाल बांधून शाळेत सोडायला येऊ लागले. त्या दिवसांत सर्वांच्या तोंडी टॅमिफ्लूचे नाव होते. फ्लूवरची एक जुनी गोळी होती, आणि ती त्याच घटकेला शेजारच्या गल्लीत कुणा आजोबांचे हात स्थिर ठेवत होती, याची कुणाला कल्पनाही नव्हती.

या घराण्यातील इतर भावंडांच्या कुंडल्याही अशाच विचित्र आहेत. मेमँटिन हे द्रव्य १९६० च्या दशकात एलाय लिली कंपनीत रक्तातील साखर कमी करावी म्हणून तयार झाले. साखर कमी झाली नाही. आज ते स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर विकारावर देतात. उलट, आज आपल्याकडे घरोघरी मधुमेहासाठी जी विल्डाग्लिप्टिनची गोळी घेतली जाते, तिच्या रेणूत होडोनीनच्या तेलातला हाच हिऱ्याचा पिंजरा बसवलेला आहे. आणि २०१२ साली डोक्याला जबर मार लागून शुद्ध हरपलेल्या १८४ रुग्णांवर अमान्टाडीनचा प्रयोग झाला, तेव्हा गोळी घेणाऱ्यांची सुधारणा चार आठवड्यांत अधिक वेगाने झालेली दिसली. या गोळीचे चरित्र अजून संपलेले नाही.

चित्रकला सरांना मी हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, "त्या बोस्टनच्या बाईचे नाव काय हो?" नाव मिळत नाही. १९६९ च्या त्या निबंधात तिचे वय आहे, आजार आहे, गोळ्यांची मात्रा आहे. रुग्णाचे नाव छापायचे नाही हा वैद्यकातला शिष्टाचार, आणि तो योग्यच आहे. लांडा, प्रेलोग, श्लायर, श्वाब यांची नावे ग्रंथांतून राहतील. त्यांच्यापैकी पहिले तिघे कंपवातावर औषध शोधायला निघाले नव्हते. गोळीचा तो गुण प्रथम जाणवला तो तिच्या स्वतःच्या हाताला.

म्हणून या गोळीच्या दुसऱ्या जन्माची कारणे कुणी विचारली, तर पहिला मुद्दा मी असा लिहीन: एका रोग्याने आपल्या अंगावरचा अनुभव, विसंगत वाटत असूनही, सांगितला. दुसरा मुद्दा: ऐकणाऱ्याने तो हसण्यावारी न नेता कागदावर उतरवला. आपल्या घरांतून म्हातारी माणसे रोज काहीबाही सांगत असतात. ही गोळी घेतली की बरे वाटते, ती घेतली की गरगरते, अमक्या वेळी हात जड होतो. आपण "बरं, बरं" म्हणतो आणि उठतो. डॉक्टरांकडे जाताना ते एका चिठ्ठीवर लिहून नेले, आणि त्यांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी आपल्या मनाने चालू किंवा बंद केली नाही, तर आपल्यासारख्या सामान्यांकडून एवढे पुरे आहे. एप्रिल १९६८ मध्ये त्या अनाम बाईने याहून अधिक काही केले नव्हते.